नागपूर की अहमदाबाद? दुपारच्या आकड्यावर ठरवू नका

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंदूरच्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात हा प्रश्न निघतो. मुलाला किंवा सुनेला नोकरीसाठी नागपूर आणि अहमदाबाद असे दोन पर्याय असतात, नाहीतर निवृत्तीनंतर लेकीजवळ राहायला जायचे असते. राष्ट्रीय महामार्ग ४७ आपल्याला दोन्हीकडे नेतो. पश्चिमेला झाबुआ, दाहोद, गोध्रा करत अहमदाबाद आणि पूर्वेला हरदा, बैतूल करत नागपूर. घरातले कुणीतरी वर्तमानपत्रातला तापमानाचा तक्ता काढते. नागपूर ४४, अहमदाबाद ४३. मग "एका अंशाने काय बिघडते, दोन्हीकडे भाजणारच" असे म्हणून बोलणे पगार आणि घरभाड्याकडे वळते.

हे पत्र त्या तक्त्याबद्दल आहे. दुपारचे कमाल तापमान पाहून उष्ण शहर निवडणे म्हणजे अर्धीच माहिती घेऊन घर घेणे. दुपारी माणूस कामावर असतो किंवा दारे-खिडक्या लावून पडलेला असतो. खरी कसोटी रात्री साडेदहानंतर लागते आणि ती दोन गोष्टींवर ठरते. पहाटेपर्यंत पारा किती उतरतो आणि हवेत ओलावा किती आहे.

माळव्याच्या पठारावर राहणाऱ्यांना हे सहज लक्षात येत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात दुपारी ४० अंश झाले तरी पहाटेची सरासरी २४-२५ पर्यंत येते आणि गच्चीवर चादर लागते. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर, अहमदाबादची जेमतेम ५०-५५. मे महिन्यातले सरासरी किमान तापमान अहमदाबादला २६-२७ आणि नागपूरला २७-२८ असते. म्हणजे कागदावर नागपूरची रात्र अधिक वाईट. तरीही कूलर लावून झोपणाऱ्याला नागपूरची रात्र अहमदाबादपेक्षा बरी जाते. कारण ओलावा.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. त्याला हवा किती खाली नेता येईल याची हद्द ओल्या फडक्यातल्या तापमापकाचा पारा ठरवतो. चांगल्या ताट्यांचा कूलर कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या फरकाच्या साधारण तीन चतुर्थांश इतकी हवा थंड करतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २३ च्या जवळ असतो, आणि कूलरमधून २८-२९ अंशांची हवा येते. रात्री ३० अंश आणि ३५ टक्के आर्द्रता धरली तर कूलरची हवा २२ पर्यंत उतरते. पांघरूण लागेल.

अहमदाबादला खंबातचे आखात जवळ आहे. मे महिन्यात संध्याकाळनंतर नैर्ऋत्येकडून वारा येतो, गच्चीवर सुखद वाटतो, पण तो ओलावा घेऊन येतो. पहाटे २८ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २३ वर असतो. कूलर जेमतेम चार अंश कमी करतो आणि खोलीतली हवा इतकी दमट होते की अंगाला चादर चिकटते. म्हणून तिथे एप्रिल आणि मेच्या दुपारी कूलर काम देतो, रात्री हात टेकतो आणि जूनमध्ये निरुपयोगी होतो. जूनमध्ये ३८ अंश आणि ५० टक्के अशा हवेत कूलर ३१ ची चिकट हवा फेकतो. त्यापेक्षा नुसता पंखा बरा.

हे कुणाच्या सांगण्यावर न सोडता स्वतः मोजता येते. खोलीत टांगायचे दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि पट्टी पूर्ण ओली झाली की दोन्ही तापमापक पंख्यासमोर पाच मिनिटे धरावेत. पट्टीला पीठ किंवा मेण लागलेले नसावे, नाहीतर ती पाणी ओढत नाही आणि पारा खोटा दाखवतो. दोन पाऱ्यांत १२ अंशांहून जास्त फरक असेल तर कूलरवर निभेल. ८ पेक्षा कमी असेल तर एसीचा खर्च धरूनच हिशेब करावा. शहर बघायला जाल तेव्हा हे रात्री दहाला आणि पहाटे पाचला करा. दुपारी केलेले मोजमाप फसवते, कारण दुपारी दोन्ही शहरे कोरडीच असतात.

उन्हाळा किती लांबतो हेही तक्त्यात दिसत नाही. नागपूरचा मे अहमदाबादपेक्षा कठोर असतो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर रस्ते ओस पडतात. पण साधारण जूनच्या मध्याला पाऊस पोचतो आणि वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पडतो. अहमदाबादला मोसमी पाऊस बहुतेक जूनच्या उत्तरार्धात येतो आणि वर्षाचा आकडा आठशेच्या आतबाहेर राहतो. मग ऑक्टोबर. नागपूर तेव्हा ३३ च्या जवळ आलेले असते, अहमदाबादला दुपारी ३६ असतात. एसी किती महिने चालवावा लागेल असे विचारले तर नागपूरला तीन-साडेतीन आणि अहमदाबादला सहा, कधी सात, असे धरून चालावे. हिवाळा दोन्हीकडे चांगला.

विक्रमी आकड्यांवर तर मुळीच जाऊ नये. नागपूर २३ मे २०१३ रोजी ४७.९ वर गेले, अहमदाबाद २० मे २०१६ रोजी ४८ वर. ते एकेका दिवसाचे आकडे. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि बातमी देशभर फिरली. तो यंत्रातला दोष होता. शिवाय दोन्ही शहरांची मुख्य नोंद विमानतळाजवळ होते, नागपूरची सोनेगावला आणि अहमदाबादची हंसोलला. मोकळ्या जागेतला पारा रात्री लवकर उतरतो. सिमेंटच्या दाट वस्तीत तो तितका उतरत नाही. नागपुरात सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सच्या झाडीत आणि इतवारी-महालच्या गल्ल्यांत एकाच रात्री वेगळी हवा असते. अहमदाबादेत साबरमतीच्या पश्चिमेकडच्या झाडांच्या सोसायट्या आणि पूर्वेकडचे ओढव, वटवा, नारोळ यांतही तसाच फरक. तिथे कारखान्यांचा धूर वेगळाच. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रे आहेत, त्या बाजूला घर घेताना राखेचा विचार करावा.

रात्रीची उष्णता किती गंभीर असते हे हवामान खातेही मानते. कमाल ४० किंवा अधिक असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून वर राहिले तर ती 'उष्ण रात्र' धरतात. दिवसभर तापलेल्या शरीराला झोपेत निवायला वेळ मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचे ऊन जास्त बाधते. तीन-चार दिवस असेच चालले की लू लागलेल्यांची संख्या वाढते, आणि त्यात म्हातारी माणसे, मधुमेही, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आधी येतात. अहमदाबादने हे भोगले आहे. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. त्यातून महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला तो पहिला. ४१ च्या पुढे पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ पासून लाल इशारा, त्याप्रमाणे दवाखान्यांत बर्फाची सोय, बागा उशिरापर्यंत उघड्या, पाणपोया. नागपूरनेही पुढे असा आराखडा केला. घर बघताना जवळचा सरकारी दवाखाना आणि बाग किती अंतरावर आहे हे विचारणे म्हणून आवश्यक आहे. वीज गेली की बागच कामी येते.

आता घर. शहर ठरले तरी घर चुकले तर सगळे वाया. दलाल घर सकाळी अकराला दाखवतो, तेव्हा सगळी घरे थंड असतात. मे महिन्यात, संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान जावे. पंखे बंद करायला सांगावे आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावावा. वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला लावावा. पाच-सहा इंचांचा स्लॅब दुपारी तापतो आणि ती उष्णता आत पोचायला चार-पाच तास घेतो, म्हणून छत संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात सर्वांत गरम असते. हात चटकन मागे घ्यावा लागला तर ते घर रात्री बारापर्यंत भट्टीच राहणार. ते शहराच्या नावावर घालू नये.

वरचा मजलाच घ्यावा लागत असेल तर गच्चीवर चायना मोझेक (फुटक्या पांढऱ्या टाइलांची फरशी) किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग आहे का ते पाहावे. पांढऱ्या छताने खालच्या खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते. चुन्याची सफेदी सर्वांत स्वस्त, दोन हात मारावे लागतात, पण पावसाने ती धुऊन जाते आणि दर मार्चला पुन्हा करावी लागते. धूळ बसून काळे पडलेले पांढरे छत काही उपयोगाचे नाही, ते महिन्यातून एकदा धुवावे.

दिशांचे गणित अनेकांचे उलटे असते. ही सगळी शहरे कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला आहेत, नागपूरला २६ मे च्या सुमारास सूर्य भर माथ्यावर येतो, अहमदाबादला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसे येत नाही, दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. त्रास पश्चिमेचा, आणि मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळत असल्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी तिरपे ऊन लागते. पश्चिमेला छज्जा कितीही मोठा केला तरी साडेचार नंतरचे ऊन त्याच्या खालून आत येते. तिथे बाहेरून चिक, बांबूचा पडदा किंवा उभ्या पट्ट्या लागतात. आतून लावलेला पडदा काच तापल्यावर उष्णता अडवू शकत नाही, ती तोवर खोलीत आलेली असते. अहमदाबादला पश्चिम-नैर्ऋत्येचे घर घेतले तर संध्याकाळचा वारा मिळतो आणि दुपारचे ऊनही, दोन्ही एकदम. तिथे खिडक्या ठेवाव्यात, पण बाहेरची सावली आधी करून घ्यावी.

कूलरवर राहायचे असेल तर खिडकी तपासा. मोठ्या कूलरची हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला साधारण पाच चौरस फूट उघडी जागा लागते, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर बिघडला असे वाटते. नव्या सोसायट्यांत सरकत्या खिडक्यांची अर्धीच बाजू उघडते आणि बाहेर लोखंडी स्टँड लावायला समिती परवानगी देत नाही. हे करारनाम्याआधी लेखी विचारावे. कोरड्या दुपारी असा कूलर तासाला १० ते २० लिटर पाणी उडवतो, म्हणजे दहा तासांत एक-दोनशे लिटर. पाण्याचा हिशेब इथे येतो.

नागपूरला पेंच जलाशय आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. अहमदाबादला मुख्यतः नर्मदेचे, कालव्याने. आपण इंदूरकरही नर्मदेचेच पाणी पितो, फक्त ते जलूदहून चढवून आणलेले असते. शहराच्या हद्दीत दोन्हीकडे चिंता कमी, पण कडेच्या नव्या वस्त्यांत बोअर आणि टँकरवर भिस्त असते. तिथे पालिकेच्या नळाची पावती मागावी, बिल्डरच्या शब्दावर जाऊ नये. बोअरच्या पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असतील तर ते पिण्याच्या पसंतीच्या मर्यादेबाहेर आहे. कूलरमध्ये असे पाणी वापरले की पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, ताट्यांवर पांढरा थर बसतो, छिद्रे बुजतात आणि मे संपायच्या आत कूलर निम्म्यावर येतो. टाकी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करून घासणे हाच उपाय. डेंगीच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला सात ते दहा दिवस लागतात, तेही याच सफाईत टळते. वुडवूलच्या ताट्या दर हंगामाला बदलाव्यात, हनीकोंबच्या दोन-तीन हंगाम जातात.

एसीचा खर्च असा. दीड टनाचा पाच तारे असलेला इन्व्हर्टर एसी मे महिन्याच्या रात्री तासाला साधारण एक युनिट घेतो. दहा तासांचे महिन्याला तीनशे युनिट. दोनशे वॅटचा कूलर वीस तास चालवला तर महिन्याला १२० युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटना बदलतात आणि वरच्या टप्प्यात दर झपाट्याने चढतो. घरचा नेहमीचा वापर दीडशे धरला तर एक एसी साडेचारशेवर नेतो, दुसरा लावला की पाचशेची मर्यादा ओलांडलीच. म्हणून नागपूरला दोन एसी लावण्यापेक्षा एक एसी आणि एक कूलर हा संच जास्त शहाणपणाचा. अहमदाबादला दर एवढे चढत नाहीत, पण महिने दुप्पट. वर्षाचे बिल मांडून बघा, एका महिन्याचे नको. आणि एसीचे बाहेरचे यंत्र बंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, बसवू देऊ नका. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. डक्टमध्ये चार मजल्यांची यंत्रे एकमेकांची गरम हवा ओढतात, तिथे ५० च्या वर जाते, क्षमता घटते आणि ऐन दुपारी यंत्र बंद पडते.

जमिनीबद्दल थोडक्यात. नागपूरच्या पश्चिम भागात काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात, त्या मे महिन्यात सर्वांत रुंद दिसतात. तेव्हाच बघून घ्या. अहमदाबाद नदीच्या गाळावर आहे आणि भूकंपाच्या बाबतीत नागपूरपेक्षा वरच्या पट्ट्यात. २६ जानेवारी २००१ ला कच्छच्या धक्क्याने तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत खाली नुसत्या खांबांवर वाहनतळ असलेल्या बऱ्याच होत्या. २००१ पूर्वीची अशी इमारत असेल तर खांब नंतर मजबूत केल्याचा दाखला मागावा, नसेल तर सोडून द्यावी. पुराचे म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठची घरे रात्रीतून पाण्यात गेली. अहमदाबादेत भुयारी रस्ते तुंबतात. तळमजला घेताना शेजारच्यांना विचारा.

मुले शाळेत असतील तर एक गोष्ट घरापेक्षाही आधी ठरवावी. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय रहिवासी दाखला, अशी अट आहे. मूल नववीत असताना हलवले तर निदान शाळेची अट पुरी होते, अकरावीत हलवले तर तीही होत नाही. गाडीचे सोपे आहे. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर इंदूरच्या आरटीओकडून ना-हरकत घ्यावी आणि तिथला कर भरून नवा क्रमांक घ्यावा. इथल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो गाडी हलवल्यावर लगेच मागावा.

आमचे मत स्पष्ट आहे. सत्तरीच्या पुढचे आई-वडील बरोबर असतील, मधला मजला मिळत असेल आणि कूलरला खिडकी असेल तर नागपूर. मेचे चार-पाच आठवडे जपावे लागतात, त्या दिवसांत त्यांना इंदूरला आणून ठेवता येते, थेट वंदे भारत गाडी आहे. भाषेचा, सणावारांचा, शेजाराचा भाग तर वेगळाच. दोघेही कमावते असतील, दिवस वातानुकूलित कचेरीत जात असेल आणि सहा महिन्यांचे एसीचे बिल सोसत असेल तर अहमदाबादला हरकत नाही, कामाच्या संधी तिथे अधिक आहेत. पण एसी परवडत नसताना, वरच्या मजल्यावरच्या स्वस्त घरात, म्हातारी माणसे घेऊन अहमदाबादला जाऊ नये. हे आम्ही ठामपणे सांगतो.

आपल्याला एकच विनंती. आपल्या तक्त्यात कमाल तापमानाशेजारी पहाटेचे किमान तापमान आणि सकाळी साडेआठ व संध्याकाळी साडेपाच या दोन्ही वेळांची आर्द्रता छापावी. हवामान खाते या नोंदी रोज घेते. इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, नागपूर, अहमदाबाद, बडोदा एवढ्या सहा शहरांचे तीन वाढीव रकाने मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दिले तरी पुरे.

कळावे,
बांधकाम आणि वातानुकूलनाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
रामबाग, इंदूर